पोकोनोजच्या इनडोअर वॉटर पार्कमध्ये एका रात्रीचा मुक्काम: या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हिवाळ्यात मुलांना पाण्यात खेळवायचं म्हटलं की शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ पोकोनोज भागाचं नाव निघतं. एडिसनहून निघून इंटरस्टेट ८० ला लागलं की दीड-पावणेदोन तासांत स्कॉटरनचं ग्रेट वुल्फ लॉज, टॅनर्सव्हिलचं कॅमलबॅक आणि पोकोनो मॅनरचं कलहारी गाठता येतं. ही तिन्ही मोठी रिसॉर्ट्स एकमेकांपासून काही मैलांवर आहेत. ग्रेट वुल्फ इथे २००५ मध्ये सुरू झालं, बाकीची दोन २०१५ मध्ये. बाहेर बर्फ पडत असला तरी आत हवा ८४ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २९ अंश सेल्सियसच्या आसपास असते. एका रात्रीला पैसे भरपूर लागतात, आणि ते वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: घरचे लोक हॉटेलच्या वेळेप्रमाणे चालतात, पार्कच्या वेळेप्रमाणे नाही.

चूक: चेक-इनच्या वेळेला पोहोचणं

ग्रेट वुल्फमध्ये खोली दुपारी ४ ला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला सोडावी लागते. पण पार्कमध्ये जायला पहिल्या दिवशी दुपारी १ पासून मुभा असते, आणि खोली सोडल्यावरही त्या दिवशी पार्क बंद होईपर्यंत खेळता येतं. म्हणजे भाडं एका रात्रीचं असलं तरी खेळायला जवळजवळ दोन दिवस मिळतात. वेळा रिसॉर्टनुसार आणि मोसमानुसार बदलतात, म्हणून बुकिंगच्या ईमेलमध्ये दोन्ही वेळा वेगवेगळ्या शोधून ठेवा.

साडेबारापर्यंत काउंटरवर पोहोचा. मनगटाला बांधायचे रिस्टबँड तेव्हाच मिळतात. पार्कमध्ये शिरायला ते लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी खोलीची किल्लीही तेच असतात. खोली तयार नसली तरी अडत नाही, फक्त पोहण्याची पिशवी वेगळी हवी. स्विमसूट, चपला, कंगवा, कोरडे कपडे, औषधं आणि ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या एवढंच तिच्यात भरा. हे सगळं मोठ्या बॅगेच्या तळाशी गेलं की पार्किंगमध्ये, थंडीत, बॅगा उपसाव्या लागतात. मुलांना घरूनच आत स्विमसूट घालून आणलं तर आणखी सोपं. टॉवेल बहुतेक ठिकाणी पार्कमध्येच मिळतात. खोलीतले खाली आणू नका.

पहिल्याच दुपारी मोठ्या स्लाइड्सच्या मागे लागणं हीसुद्धा चूकच. १ ते ४ या वेळेत निघणारी आणि येणारी, दोन्ही दिवसांची कुटुंबं एकदम आत असतात. तेव्हा लहान मुलांचा भाग, लेझी रिव्हर म्हणजे ट्यूबवर बसून संथ वाहायचा पाण्याचा गोल मार्ग, पाण्याची मोठी बादली उलटते ती जागा, एवढंच करा. मोठ्या स्लाइड्सच्या रांगा लोक जेवायला गेले की, म्हणजे साडेपाच-सहानंतर, आटतात, आणि दुसऱ्या दिवशी पार्क उघडल्याबरोबरचा पहिला तास तर सगळ्यात मोकळा. त्यासाठी न्याहारी खोलीत, उघडायच्या आधी उरकायला हवी.

तारीख आणि माणसं

नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेचं, एनजेईएचं, अधिवेशन असतं आणि शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळते. पोकोनोजला जायचं हे शहाणपण त्या आठवड्यात सगळ्यांनाच सुचतं. मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि प्रेसिडेंट्स डेचे लाँग वीकएंडही तसेच. दर मागणीप्रमाणे वरखाली होतात, त्यामुळे रविवारची रात्र शनिवारपेक्षा सहसा बरीच स्वस्त पडते. सोमवारी सुट्टी नसेल तर एक दिवस शाळा बुडते, पण पार्क अर्धा रिकामा मिळतो. ज्यांची मुलं अजून शाळेतच जात नाहीत त्यांनी वीकएंडचा दर भरायचं काही कारण नाही.

दर पाहताना रिसॉर्ट फी आणि कर धरून शेवटचा आकडा बघा. मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांनी सक्तीची फी धरूनच दर दाखवावा असा नियम आहे, पण सरकारी कर त्यात धरलेले असतीलच असं नाही.

भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर खोली घेताना त्यांना मोजा, तान्ह्या बाळालाही मोजा. ‘आई फक्त बसून बघणार आहेत’ हे काउंटरवर चालत नाही. आत बसायलाही रिस्टबँड लागतो, आणि खोलीच्या भाड्यात तो खोलीवर नोंदलेल्या माणसांनाच मिळतो. आजींनी साडी किंवा पंजाबी ड्रेसवर खुर्चीत बसायला हरकत नसते, पाण्यात मात्र पोहण्याचे कपडेच लागतात.

उंची घरी मोजा

बहुतेक मोठ्या स्लाइड्सना ४२ किंवा ४८ इंचांची अट असते, म्हणजे सुमारे १०७ आणि १२२ सेंटिमीटर. मोजणी अनवाणी होते. केसांचा अंबाडा आणि जाड तळव्याच्या सँडल तिथे उपयोगी पडत नाहीत. घरी भिंतीला पाठ लावून मोजा, रिसॉर्टच्या वेबसाइटवर प्रत्येक स्लाइडची अट बघा आणि कुठल्या स्लाइडवर बसता येईल ते मुलाला निघण्याआधीच सांगा. चार जिने चढून, अर्धा तास रांगेत उभं राहून परत फिरवलेलं मूल पुढचा तासभर रडतं, आणि त्याची चूक काहीच नसते. राफ्टच्या स्लाइड्सना सगळ्यांचं मिळून वजनही मोजतात, कमाल आणि कधी कधी किमानसुद्धा.

सगळ्यात गंभीर चूक: लाइफगार्ड आहेत म्हणून निर्धास्त राहणं

लाइफगार्ड पाण्याच्या एका पट्ट्यावर नजर ठेवतो, तुमच्या मुलावर नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होतं आणि ते गप्प होतं. पाच-सहा वर्षांखालच्या किंवा पोहता न येणाऱ्या मुलापासून मोठा माणूस हाताच्या अंतरावरच हवा. दोन-तीन कुटुंबं मिळून गेली की धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा. पाळी कोणाची ते मोठ्याने सांगा, आणि पाळी असेल त्याच्या हातात फोन नको.

हवेने फुगवायच्या दंडपट्ट्या आणि ट्यूब घरून नेऊ नका. त्या बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, आणि चालल्या तरी त्यांच्या भरवशावर मूल सोडण्यासारखं नसतं. कोस्ट गार्डची मान्यता असलेली लाइफ जॅकेट पार्कमध्ये फुकट मिळतात. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग खांद्यांपाशी धरून वर ओढा. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर एक माप लहान घ्या. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावा, बाळांच्या जॅकेटमध्ये तोच महत्त्वाचा असतो.

आपल्यातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना पोहता येत नाही, आणि वेव्ह पूलमध्ये, म्हणजे यंत्राने लाटा उठवतात त्या तलावात, हे विसरायला होतं. लाटा थांबून थांबून येतात. सपाट पाण्यात छातीपर्यंत गेलेला माणूस लाट आली की पाय सुटून मागे ओढला जातो. पोहता येत नसेल तर कंबरेच्या पुढे जाऊ नका, आणि मोठ्यांच्या मापाचं जॅकेट घालायला लाजू नका. कडेवर मूल असताना तर नक्कीच घाला. लेझी रिव्हरचं पाणी आपल्या मांडीपर्यंत वाटतं, पण दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या ते छाती-गळ्यापर्यंत येतं.

स्विमसूटचा रंगही बघून घ्या. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक नारिंगी, फ्लोरोसंट हिरवा किंवा गुलाबी लांबूनही उठून दिसतो. आत जाण्याआधी त्याच कपड्यांत मुलाचा एक फोटो काढून ठेवा. हरवल्यास ‘अशी दिसते’ हे सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं लवकर होतं.

तेल, बांगड्या, सुती कपडे

सुती टी-शर्ट आणि लेगिंग पाण्यात जड होतात आणि अंगाला थंड चिकटून राहतात. पूर्ण बाह्यांचे रॅश गार्ड, म्हणजे पोहण्याच्या कापडाचे अंगाबरोबर बसणारे टी-शर्ट, आणि पोहण्याच्या लेगिंग मिळतात, अंग झाकायचं असेल तर त्याच घ्या. झिप, धातूची बटणं, बक्कल असलेले कपडे स्लाइडवर चालत नाहीत, कारण फायबरग्लासच्या गुळगुळीत थरावर त्यांचे ओरखडे पडतात.

काचेच्या बांगड्या उतरवूनच आत जा. फुटलेली काच पाण्यात दिसत नाही, आणि तिच्यासाठी पूल रिकामा करायची वेळ येऊ शकते. सगळ्यांचाच दिवस जातो. मंगळसूत्र, साखळ्या, मुलांचे वाळे आणि करदोटे घरी किंवा खोलीतल्या तिजोरीत ठेवा. चांदी क्लोरीनने काळी पडते, आणि साखळी स्लाइडवर तुटली तर सापडत नाही.

आदल्या रात्री केसांना तेल लावून नेण्याची सवय इथे उलटी पडते. तेल पाण्यात उतरतं आणि जंतू मारायला असलेलं क्लोरीन त्यातच खर्च होतं. केस आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. मग घट्ट वेणी, टोपी असेल तर टोपी. तेल घरी परतल्यावर, शाम्पूनंतर लावा.

डोळे चुरचुरतात, खोकला येतो

‘फार क्लोरीन टाकलंय’ असं लोक म्हणतात. तो उग्र वास मात्र बहुधा क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरची क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ते तयार होतं आणि बंद जागेत पाण्यालगतच्या हवेत साठतं. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी ते जास्त जाणवतं. पाण्यात जाण्याआधी मिनिटभर शॉवर घेतला तरी अंगावरचा बराचसा मळ-घाम निघतो. मुलांना दर तासाला स्वच्छतागृहात न्या, त्याच फेरीत दहा मिनिटं लॉबीतल्या हवेत बसवा. दम्याचा इनहेलर पाण्याजवळच्या पिशवीत हवा, सातव्या मजल्यावरच्या खोलीत नको.

स्विम डायपर लघवी अडवत नाही, फक्त घट्ट मल काही वेळ धरून ठेवतो. म्हणून गाडीत आणि काउंटरवर साधा डायपर ठेवा, पाण्याजवळ गेल्यावर बदला, आणि दर तासाला पाण्यापासून दूर नेऊन तपासा. मुलाला जुलाब होत असतील तर पाण्यात उतरवायचंच नाही, पैसे गेले तरी. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो. पूलमध्ये जुलाब झाले तर स्टॅबिलायझर (क्लोरीन टिकवणारं रसायन) नसलेल्या पाण्यातसुद्धा २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, क्लोरीन पावणेतेरा तास ठेवावं लागतं. तुमच्याबरोबर सगळ्यांचाच पूल बंद. क्रिप्टोचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहू नये.

हॉट टबचं पाणी १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ४० सेल्सियस असतं. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यात बसवू नका. गरोदर बाईने, रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असलेल्या आजोबांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं.

थंडी आणि सोललेली बोटं

हवा २९ अंश असली तरी ओलं अंग जिन्यावर रांगेत उभं राहिलं की गारठतं, आणि लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर गारठतात. ओठ निळसर दिसले की मूल ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत असलं तरी बाहेर काढा, पुसा, कोरडं गुंडाळा, काहीतरी गरम द्या. उथळ पूलचा तळ घसरू नये म्हणून खरखरीत केलेला असतो. त्यावर दोन-तीन तास धावून पायांची बोटं सोलवटतात आणि दुसऱ्या दिवशी मूल पाण्यात उतरायला तयार नसतं. पाण्यातले मऊ बूट हा त्यावरचा उपाय. काही स्लाइड्सवर ते काढायला लावतात.

जेवणाची तयारी

पार्कच्या आत बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, आणि शाकाहारी माणसाला पिझ्झा, फ्राइज यापलीकडे फार काही मिळत नाही. खोलीत लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे ना, हे बुकिंग करताना विचारा. दशम्या किंवा मेथीचे ठेपले, घरी शिजवून गार केलेला भात, दह्याचा डबा, लोणचं, केळी, उपम्याचं तयार पीठ: चार माणसांचं रात्रीचं जेवण आणि न्याहारी एवढ्यात भागते. इंडक्शन किंवा इन्स्टंट पॉट नेऊ नका. खोलीत स्वयंपाकाला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि फोडणीच्या धुराने अलार्म वाजू शकतो. पाण्यात खेळून तहान कळत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत मुलांना पाणी प्यायला लावा.

दुसरा दिवस आणि निघताना

ओले कपडे रात्री बाथरूममध्येच पिळून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, मग शॉवरच्या दांडीवर पसरा आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. तरी ते सकाळी दमट राहतील, म्हणून प्रत्येकाला दुसरा जोड हवाच. सकाळी पार्कला जाण्याआधी सामान गाडीत टाका. अंगावरचे कोरडे कपडे, मोजे आणि टोप्या मात्र लॉकरमध्ये ठेवा, कारण ओल्या केसांनी शून्याखालच्या पार्किंगमध्ये कपडे शोधत फिरणं वाईट. गाडीची रिमोट किल्लीही लॉकरमध्येच, ओल्या खिशात नाही.

बँडने खोलीचं दार उघडेनासं झालं तर काउंटरवरून तो नव्याने चालू करून मिळतो, पण फोटो असलेलं ओळखपत्र मागतात. काही ठिकाणी याच बँडवरून खरेदी थेट खोलीच्या बिलावर चढते. मुलांच्या बँडवर ही सोय नको असेल तर चेक-इनच्या वेळीच बंद करायला सांगा. तरीही निघण्याआधी बिलाची ओळन् ओळ वाचा. आर्केड, जादूच्या कांडीचा खेळ, आइस्क्रीम यांच्या ओळी त्यात असतात, आणि चुकून दोनदा चढलेली रक्कम काउंटरवर उभं असतानाच सोडवणं घरी जाऊन फोन करण्यापेक्षा सोपं जातं.