वळणाच्या तोंडाशी ऊस नको

सांगली-कोल्हापूरकडे पाणंद, म्हणजे शेतातली वाट, जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथला कोपरा पाहा. ऊस थेट बांधाला टेकलेला, दहा-बारा फूट उंच. ट्रॅक्टरवाला बसतो मागे, बॉनेट पुढे. त्याला रस्ता दिसेपर्यंत ट्रॅक्टरचं तोंड डांबरावर आलेलं असतं. ताशी 40 किलोमीटरने येणारी मोटरसायकल सेकंदाला 11 मीटर कापते. चालकाला कळून ब्रेक लागेपर्यंतच वीसेक मीटर जातात, गाडी थांबायला आणखी अंतर लागतं.

म्हणून लागणीच्या वेळीच कोपऱ्याचा त्रिकोण, म्हणजे पाणंद आणि रस्ता यांच्या मधला रानाचा तुकडा, मोकळा सोडा. रान पडीक ठेवायचं नसेल तर तिथे भुईमूग घ्या, तो गुडघ्यावर जात नाही. उसाच्या एक-दोन सऱ्या जातील, जाऊ द्यात.

गावात-शहरात कोपऱ्यावर घर असेल तर मेंदीचं कुंपण मांडीच्या खाली छाटा. पावसाळ्यात ते बघता बघता वाढतं, तेव्हा जरा वरचेवर. झाड तोडू नका, खोड फारसं आड येत नाही. डोक्याच्या उंचीपर्यंतच्या खालच्या फांद्या तेवढ्या काढायच्या, शहरात त्यालाही आधी पालिकेची परवानगी घ्यावी लागते.

कोपऱ्यावर गाडी लावणं नियमानेच बंद आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काय बोलावं! लावायचाच तर परवानगी काढून, चौकापासून लांब.

तपासताना उभं राहून पाहू नका. स्कूटरवर किंवा कारमध्ये बसून, तोंडाशी थांबून दोन्हीकडे बघा. बसल्यावर डोळे चार फुटांच्या आसपास येतात.