वाढत्या सांगलीचे रस्ते मोजताना या चुका टाळा

दरवर्षी सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं सांगलीचा नकाशा घेऊन माझ्याकडे येतात. विषय ठरलेला: शहर वाढलं, तसे रस्ते एकमेकांना किती जोडलेले राहिले? चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नकाशावर दोन रेषा टेकल्या की रस्ता जोडला असं धरणं. एकाने शामरावनगरकडच्या गुंठेवारीतल्या, म्हणजे शेतात छोटे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीतल्या, दोन गल्ल्या अशाच जोडल्या होत्या. म्हटलं, चल, चालून बघू. गल्लीच्या टोकाला शेताचा जुना बांध, बांधावर भिंत, भिंतीवर काचा रोवलेल्या. पलीकडच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पापडसुद्धा दिसत होते. तिथे पोचायला मुख्य रस्त्याने वळसा घातला, मोबाईलवर 700 मीटर भरले. वाटेत दळणाचा डबा घेतलेल्या आजी भेटल्या. म्हणाल्या, "गिरणी भितीपल्याडच हाय, पर जायाचं म्हंजे समदा येढा घालून."

हे होतं कसं? एक मालक आपल्या पट्टीत गुंठ्यागुंठ्याचे, म्हणजे 1,089 चौरस फुटांचे प्लॉट पाडतो. मधला रस्ता बांधाशी थांबतो. काही वर्षांनी शेजारी आपली पट्टी पाडतो आणि त्याचा रस्ता दहा पावलं बाजूला निघतो. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने प्लॉट नियमित होतात, पण चुकलेल्या गल्ल्या काही समोरासमोर येत नाहीत.

दुसरी चूक, बंद टोकं गाळणं. जोडणी मोजायची तर एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत किंवा बंद टोकापर्यंत एक, असे रस्त्याचे तुकडे मोजा आणि त्यांना चौक अधिक बंद टोकं यांनी भागा. चौकटीच्या आखणीत उत्तर 2 च्या आसपास येतं, झाडासारख्या फुटलेल्या गल्ल्यांत 1 च्या जवळ. 1.4 च्या पुढे बरं मानतात. टोकं गाळली की आकडा फुगतो. त्या मुलाचा 1.5 होता, चालून आल्यावर 1.2 झाला.

विकास आराखड्यातला न झालेला रस्ता धरू नका.

सांगली, मिरज, कुपवाड यांची 1998 पासून एकच महापालिका आहे, पण तेवढ्यावरून तिघांची मिळून एकच सरासरी काढायची नाही. सांगलीच्या जुन्या गणपती पेठेच्या दाट गल्ल्या नव्या वसाहतींचं दुखणं झाकतात. भाग वेगळे करा.

सॉफ्टवेअर दहा मिनिटांत आकडा देतं, आणि घाई करणारी मुलं तिथेच थांबतात. मला ते पटत नाही. मी छापील नकाशा आणि तांबडं पेन घेऊन सकाळी सातला निघतो. भिंत, नाला, रेल्वेचे रूळ, जिथे वाट अडते तिथे फुली. आकडेमोड घरी आल्यावर.