कॅसेट-सीडींचा घरचा संग्रह क्लाउडवर कसा न्यावा

गावच्या सप्ताहात टेप केलेलं कीर्तन, कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या मैफलीतला मारवा, रेडिओवरून भरून घेतलेली नाट्यपदं, बारशाला आजीने म्हटलेला पाळणा. असं काही तुमच्या घरात असेल, तर ते कोणत्याही म्युझिक ॲपवर शोधून सापडणार नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे आणि कॅसेटची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते आहे. हा संग्रह फोनवर, गाडीत, परदेशातल्या मुलांकडे, कुठेही ऐकता येईल अशी सोय आज फारशा खर्चाशिवाय होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवणीची जागा, हे ऐकण्याचं साधन आहे, संग्रहाचं घर नाही. मायक्रोसॉफ्टच्या ग्रूव्ह ॲपमध्ये वनड्राइव्हवरची आपली गाणी वाजवता यायची, ती सोय मार्च २०१९ मध्ये बंद झाली. ॲमेझॉननेही ग्राहकांची स्वतःची गाणी ठेवून घेणं थांबवलं. गुगल प्ले म्युझिकवर ५० हजार गाणी फुकट ठेवता यायची, तेही २०२० च्या अखेरीस बंद झालं. आज जी सेवा निवडाल तीही कधीतरी बंद होईल, असं धरूनच चाला. म्हणून आधी गाणी संगणकावर नीट उतरवायची, मग त्यांना नावं द्यायची, मूळ प्रत घरात ठेवायची आणि शेवटी क्लाउडवर चढवायची. बहुतेक जण हौसेने शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि ‘ट्रॅक ०१’ नावाच्या शेकडो फाइलींचा ढीग क्लाउडवर जमा होतो.

आधी कशाला हात लावायचा

खासगी रेकॉर्डिंगच्या कॅसेट सगळ्यात आधी. मग घरी राइट केलेल्या सीडी. त्यांच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते, त्यामुळे त्या छापील सीडीपेक्षा लवकर दगा देतात. दुकानातून आणलेल्या कॅसेट आणि सीडी शेवटी घ्या. त्यांतलं बरंच काही आज ॲपवर आहे, ते दोन वर्षांनी उतरवलं तरी चालेल.

कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट लगेच डेकमध्ये घालू नका. बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये पसरते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हे काम करणाऱ्या जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, म्हणजे चिकटलेली फीत सुटी होते.

कॅसेट उतरवून घेताना

चालू स्थितीतला डेक किंवा वॉकमन, एक ऑडिओ केबल, संगणक आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. आजच्या लॅपटॉपला बहुधा ‘लाइन इन’ सॉकेट नसतं, फक्त माइकचं असतं, आणि डेकचा आवाज तिथे दिला की तो फाटतो. त्यामुळे छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज यूएसबीतून संगणकात नेणारी डबी, घ्यावा. डेकचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. काडीवर तपकिरी पूड येणं थांबेपर्यंत पुसत राहा. एवढ्यानेच आवाजात बराच फरक पडतो.

ऑडॅसिटीत सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा आणि आवाजाची पातळी अशी लावा की सगळ्यात चढ्या तानेलाही पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. मग कॅसेट लावा आणि वाजू द्या. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटं लागतातच. घरातली इतर कामं करताना एक-एक बाजू होत राहते.

शास्त्रीय संगीताच्या कॅसेटला दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक म्हणजे पहिली बाजू संपते तिथे विलंबित ख्याल मध्येच तुटलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला तो पुढे सुरू होतो. दोन्ही तुकडे ऑडॅसिटीत जोडून एकच फाइल करा. तुटलेला राग तसाच ठेवला की फोनवर गाणी उलटसुलट लावल्यावर त्याचा उत्तरार्ध आधी ऐकू येतो.

दुसरी गोष्ट खरखर काढण्याची. ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’ला आधी नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो, मग तो तसा आवाज सगळीकडून काढून टाकतो. नमुना घेताना मागे तानपुरा चालू असेल तर सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच खरखर समजतं, आणि गायकाच्या मागचा सगळा भरणा निघून जातो. उरतो तो कोरडा, पाण्याखालून आल्यासारखा आवाज. म्हणून नमुना घ्यायचा तो तानपुरा सुरू होण्याआधीच्या, फक्त फीत फिरत असलेल्या दोन-तीन सेकंदांचा. काढण्याचं प्रमाणही ६ डेसिबलच्या आसपासच ठेवा. माझं मत विचाराल तर थोडी खरखर राहू द्यावी. गाणं शाबूत राहणं महत्त्वाचं. आणि स्वच्छ केलेली प्रत वेगळी साठवा, जशी उतरली तशी प्रत कधी पुसू नका.

सीडीचं काम सोपं आहे. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर चरे पडलेली सीडीही पुन्हा पुन्हा वाचून शक्य तितकी नीट उतरवतं.

जतनाची प्रत फ्लॅक या प्रकारात ठेवा. त्यात आवाजातलं काहीही गळत नाही, तरी तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ३०० ते ३५० एमबीत बसतं. ऐकण्यासाठी त्यावरून एमपी३ करा. ३२० केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) तासाला १४४ एमबी लागतात, आणि जुन्या कॅसेटवरच्या कीर्तनाला १९२ केबीपीएसही भरपूर झालं.

नावं देणं: खरं काम इथे आहे

प्रत्येक फाइलीच्या पोटात गायक, अल्बम, गाण्याचं नाव, संगीतकार, वर्ष अशी माहिती भरता येते. त्याला टॅग म्हणतात. म्युझिक ॲप फोल्डर पाहत नाहीत, हे टॅग पाहतात. एमपी३टॅग हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी उत्तम आहे, त्यात एका वेळी पन्नास फाइली निवडून गायकाचं नाव एकदाच भरता येतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड गाणं ओळखून माहिती आपोआप भरतं, पण त्याला आपली जुनी नाट्यपदं आणि भावगीतं बऱ्याचदा ओळखता येत नाहीत, आणि घरच्या रेकॉर्डिंगबद्दल तर त्याला काहीच माहीत नसतं. तेव्हा बरंचसं हाताने भरायची तयारी ठेवा.

ॲपच्या लेखी ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे तीन वेगळे गायक आहेत. रोमन लिपीत एखादा अल्बम असेल तर चौथे. मग शोधताना एका नावाखाली चार राग दिसतात आणि बाकीचे हरवल्यासारखे वाटतात. म्हणून काम सुरू करण्याआधी एक कागद घ्या, संग्रहातल्या सगळ्या कलाकारांची नावं जशी लिहायची तशी त्यावर लिहा आणि त्यात बदल करू नका. पदव्या टॅगमध्ये घालू नयेत असं मी सुचवेन. त्यात मानाचा प्रश्न नाही, पण ‘पं.’ लावलं की निम्मे गायक ‘प’ अक्षराखाली जाऊन बसतात.

नाट्यगीतांच्या किंवा अभंगांच्या कॅसेटवर पाच-सहा गायक असतात. तिथे ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळ्या गाण्यांना ‘विविध कलाकार’ भरा आणि प्रत्येक गायकाचं नाव ‘आर्टिस्ट’मध्ये द्या. हे राहिलं तर एकाच कॅसेटचे सहा अल्बम होतात.

ख्यालाच्या फाइलीला नाव देताना राग आधी येऊ द्या: ‘मारवा – विलंबित एकताल, द्रुत तीनताल’. बंदिशीचे शब्द कुणाच्या लक्षात राहतील न राहतील, राग मात्र हमखास शोधला जातो. ‘जॉन्र’ या रकान्यात इंग्रजी ठोकळेबाज प्रकारांऐवजी ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग, भावगीत, लावणी, पोवाडा, कीर्तन असं आपलं वर्गीकरण भरा. मग ‘अभंग’ एवढं निवडलं की सगळे अभंग एका रांगेत येतात.

‘कॉमेंट’चा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅसेटच्या कव्हरवर निळ्या शाईत लिहिलेलं असतं: तबल्याला कोण, पेटीला कोण, कुठल्या गावी, कुणाच्या घरी. ते जसंच्या तसं तिथे उतरवा. कव्हरचा फोटो काढून अल्बमचं चित्र म्हणून जोडा, अक्षरासकट. वर्ष खात्रीने माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा. अंदाजाने भरलेलं वर्ष पुढच्या पिढीला खरं वाटेल. घरातल्या ज्येष्ठांना रेकॉर्डिंग ऐकवून हे सगळं आताच विचारून घ्या.

लिपीबद्दल: टॅग देवनागरीत भरा, पण फाइलीचं नाव रोमन लिपीत ठेवा. गाडीतल्या अनेक जुन्या म्युझिक सिस्टिमवर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

मूळ प्रत घरी

फ्लॅक फाइलींचा सगळा संच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या घरात, भावाकडे किंवा बहिणीकडे. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर एकाच गळक्या छताने दोन्ही जातील. वर्षातून एकदा दोन्ही जोडून चार-दोन फाइली वाजवून पाहा.

आता क्लाउड: तीन रस्ते

बहुतेकांसाठी *यूट्यूब म्युझिक* पुरेसं आहे. इथे स्वतःची १ लाख गाणी विनाशुल्क ठेवता येतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये यूट्यूब म्युझिक उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर क्लिक करा आणि ‘अपलोड म्युझिक’ निवडा. फोनच्या ॲपमधून गाणी चढवता येत नाहीत. एमपी३, एम४ए, फ्लॅक, ओजीजी आणि डब्ल्यूएमए फाइली चालतात. ऑडॅसिटीतून बाहेर काढलेली डब्ल्यूएव्ही फाइल मात्र घेतली जात नाही, ती आधी बदलून घ्या. चढवलेली गाणी लायब्ररीत ‘अपलोड्स’खाली दिसतात आणि ती फक्त तुम्हालाच दिसतात. त्यांना जाहिराती लागत नाहीत, फोनची स्क्रीन बंद असतानाही ती वाजतात आणि त्यासाठी प्रीमियम घ्यावं लागत नाही. एका वेळी एकच अल्बम चढवा आणि गाण्यांची संख्या जुळते का पाहा, म्हणजे मध्येच नेट गेलं तर काय राहिलं ते कळतं. कधी सगळं परत उतरवून घ्यायचं झालं, तर गुगल टेकआउट या गुगलच्याच डेटा परत देणाऱ्या सेवेतून घेता येतं.

आयफोनवाल्यांना ॲपल म्युझिक किंवा आयट्यून्स मॅच या सशुल्क सेवांतही १ लाख गाण्यांपर्यंत संग्रह ठेवता येतो. पण २०० एमबीहून मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल तिथे चढत नाही. रात्रभराच्या मैफलीचे तुकडे करावे लागतील.

दुसरा रस्ता *गुगल ड्राइव्ह आणि एखादं वाजवणारं ॲप*. ड्राइव्हवर १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यातच जीमेल आणि फोटोही असतात. पूर्ण जागा रिकामी मिळाली तर ३२० केबीपीएसची साधारण १०० तासांची गाणी बसतील. ड्राइव्हच्या स्वतःच्या ॲपमध्ये गाणी एकामागून एक आपोआप लागत नाहीत, म्हणून क्लाउडबीट्स किंवा आयफोनवर एव्हरम्युझिक घ्या. हा रस्ता मला भावंडांच्या सामायिक संग्रहासाठी सोयीचा वाटतो: एक फोल्डर, ठरावीक चार ईमेलना परवानगी. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय मात्र कधीही निवडू नका. विकत घेतलेल्या सीडीची प्रत स्वतःच्या ऐकण्यासाठी काढणं वेगळं आणि ती जगजाहीर वाटणं वेगळं. भारतीय कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. खासगी मैफलीच्या रेकॉर्डिंगवर गायकाचाही हक्क असतो.

तिसरा रस्ता हौशी मंडळींचा: *घरचाच सर्व्हर*. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर नॅव्हिड्रोम हे घरची गाणी फोनपर्यंत पोहोचवणारं मोफत सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्याला गाण्यांचं फोल्डर दाखवायचं. फोनवर ती ऐकायला अँड्रॉइडसाठी सिम्फोनियम, आयफोनसाठी अँपरफाय हे ॲप. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट घरापर्यंत पोहोचता येत नाही. टेलस्केल हे आपली उपकरणं एकमेकांना खासगी वाटेने जोडणारं ॲप सर्व्हरवर आणि फोनवर दोन्हीकडे टाकलं की ही अडचण सुटते. घरी वायफायवर फ्लॅक आणि बाहेर कमी केबीपीएस, असंही नॅव्हिड्रोममध्ये लावता येतं. वीज गेली की गाणं थांबतं, एवढी एक तयारी मनात ठेवा.

मोबाइल डेटाची चिंता फार करू नका. दिवसाला १.५ जीबी मिळत असेल, तर ३२० केबीपीएसनेही दहा तास ऐकून होतं. घाटात किंवा गावी रेंज नसते तिथल्यासाठी आवडीचे अल्बम घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा.

संग्रह एकाच्या गुगल खात्यावर असतो, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसू शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं किती महिने बंद राहिलं की कुणाला कळवायचं आणि कोणता डेटा कुणाच्या हाती द्यायचा, हे तिथे आधीच ठरवता येतं. घरातल्या एका तरुण माणसाचं नाव तिथे घाला, यादीत ड्राइव्ह आणि यूट्यूब या दोन्हींवर खूण करा आणि घरच्या हार्ड डिस्क कुठे ठेवल्या आहेत हेही त्याला सांगून ठेवा.