थंडीत अंड्यावर आलेली कासवी

डिसेंबरात नाशिकला पारा 10 अंशांखाली गेला आणि आमच्या रेड-इअर्ड स्लायडर कासवीने खाणं टाकलं. थंडीने मंदावली म्हणावं, तर ती उलट दिवसभर काचेवर चढू बघायची, मागच्या पायांनी खडे उकरायची. एक्स-रेत अंडी स्पष्ट दिसली. (नर नसला तरी मादी अंडी घालते, ती फक्त फळत नाहीत.)

गारठ्यात अंडी अडकू शकतात, म्हणून हीटरने पाणी 26 अंशांवर ठेवलं. बसायच्या दगडावर दिवा, यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी). कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिश या समुद्री जीवाचं हाड).

पण खरी निकड मातीची होती. खणायला जागा मिळाली नाही तर मादी अंडी पोटातच धरून ठेवते. मोठ्या टबात वाळू-मातीचा वीतभराहून जास्त थर दिला, मुठीत लाडू वळेल इतपत ओला, वर दिवा. तिला सोडून आम्ही सगळे खोलीबाहेर. कुणाची चाहूल लागली की ती खणणं सोडते. संध्याकाळी माती पायांनी थापून सपाट केलेली. अलगद उकरलं, तर पांढरी, लांबट अंडी! आत एखादं राहिलं नाही ना, हे पुन्हा एक्स-रे काढून पाहिलं.

जोर करूनही अंडं येत नसेल तर पोट दाबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.