प्रत्यक्षदर्शीशी बोलायला बसण्याआधी

सगळ्यात आधी वेळ काढून ठेवा. संज्ञानात्मक मुलाखत, म्हणजे गायझलमन आणि फिशर या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या सुमारास बसवलेली आठवण जागवण्याची पद्धत, घाईत करायची असेल तर करूच नका. शांत खोली बघा, फोन बंद करा, रेकॉर्डर तपासून घ्या. लिहून घेत बसलात तर साक्षीदार तुमच्या पेनाच्या वेगाने बोलू लागतो आणि तपशील गळतात.

मग आपले प्रश्न वाचून काढा. ‘त्याने चष्मा घातला होता ना?’ असला प्रश्न दिसला की खोडा. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर यांनी अपघाताची तीच फीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘जोरात आदळल्या’ म्हटलं, तेव्हा लोकांनी ‘धडकल्या’पेक्षा जास्त वेग सांगितला. फरक एका क्रियापदाचा होता.

प्रत्यक्ष बसल्यावर साक्षीदाराला आधी मनाने त्या जागी परत न्या: कुठे उभे होतात, उजेड कसा होता, कसले आवाज येत होते, मनात काय चाललं होतं. डोळे मिटून बरं वाटत असेल तर मिटू द्या. क्षुल्लक वाटलं तरी सांगा, पण अंदाज बांधू नका, आठवत नसेल तर तसंच म्हणा, एवढं स्पष्ट सांगा. आणि गप्प बसा. तो थांबला की आपली जीभ वळवळते, पण पुढचं वाक्य बहुधा त्या थांबण्यातूनच येतं. शेवटाकडून उलट सांगायला लावता येतं. ‘दुसऱ्या कुणाच्या जागेवरून काय दिसलं असेल’ हे मात्र मी टाळते, कारण माणूस आठवायचं सोडून कल्पना करू लागतो. लहान मुलांना तर हे विचारूच नका.

मर्यादाही आधीच ध्यानात असू द्या. अनेक अभ्यास एकत्र करून १९९९ मध्ये केलेल्या एका विश्लेषणात खरे तपशील बरेच वाढलेले दिसले, थोडे चुकीचेही वाढले. अचूकतेचं प्रमाण ८५ टक्के होतं, साध्या मुलाखतीत ८२. म्हणजे हाती जास्त येतं, पण पडताळणी सुटत नाही. ज्याला सांगायचंच नाही त्याच्यापुढे ही पद्धत चालत नाही. ओळखपरेडसाठी तिचा भरवसा धरू नका. दुसऱ्या साक्षीदाराशी बोलताना मिसळलेलं तिला वेगळं काढता येत नाही, म्हणून तो कुणाशी काय बोलला, ते विचारून नोंदवा.

उठताना संपर्काचा नंबर द्या. पुष्कळदा एखादी गोष्ट घरी गेल्यावर आठवते.