सेवन्स रग्बीत अटॅक आन डिफेन्सचा मेळ कसा बसवायचा, कबड्डीवाल्या पोट्ट्यांसाठी

आमच्याकडं रग्बी म्हणजे सात-सातची सेवन्सच, कारण सोयाबीन निघेपर्यंत पंधरा पोट्टे एकाच वेळी मोकळे सापडत नाहीत. ७ मिनिटांचे दोन हाफ, मधात २ मिनिटं, खेळ आटोपला. नवीन शिकवणारे विचारतात की एवढ्या वेळात भर अटॅकवर द्यायचा का डिफेन्सवर. माझं सांगणं एकच, आपले किती जण पायावर उभे आहेत ते मोजत राहा, बाकी सगळं त्याच्यावरच येतं.

हिशोब करून पाहा. मैदान रुंदीला ७० मीटरपर्यंत असते, एक जण मागं स्वीपर (ओळीतून सुटलेल्याला अडवणारा) ठेवला तर ओळीत राहिले ६, म्हणजे एकाच्या वाट्याला जवळपास १२ मीटर. तालुक्याच्या एका मॅचमध्ये आम्ही १०-० नं पुढं होतो, आमचाच बॉल खाली पडला, तो सोडवायला एक झाला दोन झाले करत तिघं रकमध्ये (खाली पडलेल्या बॉलवर दोन्हीकडचे भिडतात त्या गर्दीत) घुसले, चौथा खाली पडलेलाच होता, आन बॉल गेला तिकडं. उभे राहिले तीन. त्यांचा एक बारीकसा पोरगा डावीकडून निघाला तर त्याच्या पुढं अख्खं वावर मोकळं, हात लावायलाही कोणी नाही. मंग तिथून मॅच हातची गेली ती गेलीच.

म्हणून आमचा नियम असा: आपल्या बॉलवर रकमध्ये एक जण, फार तर दोन. बॉल त्यांचा असेल तर टॅकल करणाऱ्यानं (बॉलवाल्याला धरून पाडणाऱ्यानं) सोडून लगेच उठायचं, आन दुसऱ्यानं बॉलवर हात तेव्हाच टाकायचा जेव्हा तो नक्की निघेल असं वाटते, नाही तर सरळ ओळीत जाऊन उभं राहायचं. पडलेला माणूस मैदानावर नाहीच असं समजा.

आता पकड. आपल्या भागात ती पोरांच्या अंगातच आहे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ ला थेट बर्लिनमध्ये कबड्डी खेळून दाखवली होती. पण कबड्डीची एक सवय मोडावीच लागते. तिथं रेडरला आत येऊ देता, मागं सरकत सरकत घोटा धरता. रग्बीत मागं सरकले की तेवढी जमीन फुकट गेली, म्हणून सगळ्यांनी एका ओळीत, एकाच वेळी पुढं यायचं, साखळीसारखं पण हात न धरता. एकटाच जोशात पुढं धावला की त्याच्या बाजूला भगदाड पडलंच. बॉलवाल्याकडं नेहमी आतल्या अंगानं, मैदानाच्या मधल्या बाजूनं जायचं, म्हणजे त्याला बाहेरच्या रेषेकडंच पळावं लागते, आन ती रेषा आपला आठवा खेळाडू आहे.

टॅकल शिकवताना घाई करू नका बाप्पा. आम्ही पोत्यात कुटार भरून तोंड शिवतो आन नाल्याच्या रेतीत उभं करतो. डोकं बाजूला, पोत्याच्या पुढून कधीच नाही. खांदा मांडीवर, दोन्ही हात गुंडाळून घट्ट, पाय चालूच. घरंगळत आलं तर ठीक, नुसतं हलून राहिलं तर पुन्हा. खांद्याच्या वर धरलं की पेनल्टी, आन पिवळं कार्ड निघालं तर २ मिनिटं बाहेर, तेवढ्यात ट्राय (बॉल समोरच्याच्या गोलरेषेपलीकडं जमिनीला टेकवणं) बसते. डोक्याला मार लागला तर तो पोरगा त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही, किती का रडेना.

अटॅकमध्ये लोकं फक्त पळणं पाहतात. पण बॉल आपल्या हातात आहे तोवर समोरचा ट्राय करू शकत नाही, म्हणजे बॉल जपणं हाच अर्धा डिफेन्स झाला. पास मागंच द्यायचा असते, तर घेणाऱ्यानं खोल राहून धावत यावं, आन एक जण बॉलच्या बराच मागं ठेवाच, बॉल सुटला तर तोच स्वीपर.

ट्राय झाल्यावर नाचणं लवकर थांबवा. सेवन्समध्ये ज्या टीमनं ट्राय केली तिलाच किकऑफ (लाथेनं बॉल समोरच्यांकडं मारून खेळ पुन्हा सुरू करणं) मारावा लागते, पंधराच्या खेळात उलटं असते. म्हणजे ५ पॉइंट मिळाल्याबरोबर तुम्ही डिफेन्सवर.

नुसत्या डिफेन्सवर जिंकता येते का? पंधराच्या रग्बीच्या २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला दक्षिण आफ्रिकेनं एकही ट्राय न करता न्यूझीलंडला १२-११ नं हरवलं, बाराच्या बारा पॉइंट त्यांच्या पोलार्डच्या ४ पेनल्टी किकचे, आन त्यांच्याच एकट्या ड्यू टॉइटनं २८ टॅकल केल्या. पण तो ८० मिनिटांचा खेळ. सेवन्समध्ये तशा किकवर कोणी वेळ घालवत नाही, ट्रायच लागते, त्यामुळं ते गणित इथं उचलू नका.

सरावाला एकच खेळ रोज घ्या. चुन्यानं ३० मीटरचा चौकोन आखा, चौघं अटॅकला, तिघं डिफेन्सला. मधातच शिट्टी मारायची, शिट्टी झाली की बॉल जिथं आहे तिथं ठेवायचा आन तिघांनी उचलून उलट निघायचं. तुम्ही बाहेरून मोठ्यानं विचारा, 'उभे किती?' पोट्ट्यांनी धावता धावताच आकडा सांगायचा. पहिल्या आठवड्यात चुकीचा सांगतात, नंतर न विचारता एकमेकांना ओरडायला लागतात. मार्चनंतर हे सगळं सकाळी साडेसातच्या आत उरका, आन पाण्याची कॅन धुऱ्यावर सावलीत ठेवा.