मास्कचा आदेश परत आला तर: म्युझियमवाल्यांनी आत्ताच काय करून ठेवायचं

मास्क मागवा, सॅनिटायझर मागवा, तारीख उलटलेला माल टाका, हे सगळे करतातच. तमाशा होतो तो वेगळ्याच गोष्टीवरून, म्हणून ती आधी. नियम कुठे कुठे लिहिलाय त्या जागांची यादी. साथ नसताना करा, वही घ्या आणि गेटपासून चालत सुटा: गेटवरचा फ्लेक्स, तिकीट खिडकी, तिकिटाची मागची बाजू, वेबसाइट, गुगल मॅपवरचं आपलं पान, लँडलाइनवर वाजणारा मेसेज, ऑडिओ गाइडचं पहिलं मिनिट, शाळांना जाणारं सहलीचं पत्र, क्लोकरूम, लिफ्ट, टॉयलेटचं दार, कँटीनवाल्याने आपल्या मनाने चिकटवलेला कागद. प्रत्येक जागेपुढे तिथे कुठली भाषा आहे, आणि ते बदलायचं काम कोणाचं, हे लिहा. आणि प्रत्येक बोर्डावर तारीख, 'अमुक तारखेपासून लागू', नाहीतर जुना कुठला नवा कुठला हे लावणाऱ्यालाही कळत नाही. मागच्या वेळी, कोविडमध्ये, आमच्याकडे ही यादी नव्हती. मराठी बोर्ड उतरला, इंग्रजी तसाच राहिला, वेबसाइट तिसरंच काहीतरी सांगत होती, आणि बोलणी कोणी खाल्ली तर गेटवरच्या काकांनी.

हे इतकं कशाला, असं वाटत असेल तर २०२२ आठवा. महाराष्ट्राने ३१ मार्चला निर्बंध उठवायचं ठरवलं, गुढीपाडव्याच्या तोंडावर, मास्क ऐच्छिक झाला. जूनमध्ये राज्याचं पत्र आलं की बंद जागेत मास्क लावा, सगळीकडे बातम्या झाल्या की सक्ती परत आली, आणि लगेच आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की सक्ती नाही, आवाहन आहे. आता अशा दिवशी तिकीट खिडकीवर बसलेल्या पोरीने काय म्हणायचं? दिल्लीत तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये आधी मास्कचा दंड काढून टाकला आणि महिना संपायच्या आत ५०० रुपये परत लावला. म्हणजे नियम एकदा येतो आणि एकदा जातो असं धरून चालूच नका, तो ये-जा करतो, आणि दर वेळी तुमची ती यादी लागणार. केली का? नाही ना. करा.

मग निर्णय कोणाचा हे लिहून ठेवा, नावाने नाही, पदाने, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण तेही. सरकारचा नियम ही खालची मर्यादा, आपण त्याहून कडक राहू शकतो, सैल नाही. अख्ख्या बिल्डिंगला एकच नियम हवा असंही नाही, उघड्या अंगणात वेगळा आणि वरच्या मजल्यावरच्या लघुचित्रांच्या अरुंद गॅलरीत वेगळा चालतो, फक्त मग बोर्ड वाढतात आणि बोर्ड वाढले की यादी वाढते, हे लक्षात घेऊनच हौस करा. मला विचाराल तर लहान म्युझियमने एकच नियम ठेवावा. दंडाचं नाव गार्डने काढायचं नाही. मुंबईत २०० रुपये घेतले जायचे ते महापालिकेच्या अधिकारात, आपल्या गार्डच्या हातात पावतीपुस्तक नाही, आणि 'दंड होईल' म्हटलं की समोरचा 'दाखव कायदा' म्हणतो. आदेशाची प्रिंट खिडकीत ठेवा, ती दाखवा, विषय संपवा.

म्युझियममध्ये मास्क मॉलपेक्षा जास्त का लागतो हे मात्र ट्रस्टींना नीट समजावा, कारण 'खिडक्या उघडा की' हा सल्ला मीटिंगमध्ये येणारच. दुकानदार खिडकी उघडतो, आपण जुलैत उघडली तर बाहेरची ऐंशी-नव्वद टक्के दमट हवा आत येते आणि पोथ्या, कापड, हस्तिदंत, लाकूड सगळ्यावर बुरशी. एसीबद्दल सीपीडब्ल्यूडीने, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने, एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं की तापमान २४ ते ३० आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवा, आता सत्तर टक्क्यांना माणूस ठीक राहील पण कागद ठीक राहत नाही, त्याला पन्नासच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर हवं असतं. म्हणजे हवा खेळती ठेवायचा सोपा उपाय आपल्याला निम्माच वापरता येतो. उरतं काय, तर माणसं कमी सोडा आणि मास्क लावा. कार्बन डायऑक्साइडचं छोटं मीटर घेऊन प्रत्येक गॅलरीत गर्दीच्या वेळी ठेवून बघा, कुठली खोली कोंदट आहे ते कळेल, अंदाजाने ठरवू नका. हे सगळं एका कागदावर मांडून ठेवा म्हणजे दर मीटिंगला घसा कोरडा होणार नाही.

स्टाफ. इथे सगळे पाहुण्यांचाच विचार करतात. पाहुणा तास-दीड तास असतो, गॅलरी अटेंडंट आठ तास त्याच हवेत उभा असतो, मे महिन्यात, युनिफॉर्ममध्ये. सकाळी दिलेला एक मास्क दुपारपर्यंत घामाने ओला होतो आणि मग तो हनुवटीवर येतो, त्यात त्याची चूक नाही, म्हणून माणशी दिवसाला निदान दोन, पावसाळ्यात जास्त. वाल्व असलेले एन-९५ नकोत, आतला श्वास बाहेर तसाच सोडतात, केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच राज्यांना तसं कळवलं होतं, तरी लोकांनी ते हौसेने वापरले कारण दिसायला भारी. कॉन्झर्वेशन लॅबचा, म्हणजे जुन्या वस्तू साफ आणि दुरुस्त करणाऱ्यांचा, एन-९५चा साठा वेगळा कुलपात ठेवा, बुरशी आणि धुळीचं काम साथ नसतानाही चालू असतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कित्येक म्युझियमनी लॅबमधले मास्क आणि ग्लोव्हज हॉस्पिटलांना दिले, आपल्यावर ती वेळ आली तर जरूर द्या, पण किती दिले ते रजिस्टरला मांडा.

आणि डबा. गॅलरीत दिवसभर शिस्तीत मास्क लावलेली माणसं दीड वाजता मागच्या खोलीत, जिथे खिडकी नाही आणि पंखा किरकिर करत फिरतो, गुडघ्याला गुडघा लावून भाजीची वाटी फिरवतात. आजार पसरतो तो तिथे, बुद्धाच्या मूर्तीसमोर नाही. डबा व्हरांड्यात किंवा झाडाखाली, आणि पाळ्या लावा. मावशी म्हणतील एकटीला जेवण जात नाही, खरंय ते, तरी पाळ्या लावा. आजारी असलेल्याचा पगार कापायचा नाही हे आधी ठरवा आणि कंत्राटी सिक्युरिटीच्या करारातही लिहून घ्या, नाहीतर तो ताप लपवून येतो, आणि मग तुमचा मास्क काय करणार.

गेटवर सुटे मास्क हवेत, विसरलेल्याला फुकट द्या, पाच रुपयांसाठी सुट्ट्याची भांडणं नकोत. पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना आग्रह करू नका, केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनेतही त्यांना मास्क नको असंच आहे, आणि सहा ते अकरावाल्यांनी नीट जमत असेल तर आईवडिलांच्या देखरेखीखाली लावावा असं. पॅरिसच्या लूव्रने जुलै २०२० मध्ये उघडताना अकरा वर्षांपासून पुढे सक्ती ठेवली होती. आपण वय काहीही ठरवा, पण बोर्डावर आकडा लिहा, 'लहान मुलांना सूट' असं मोघम लिहिलंत की प्रत्येक आईचं मूल लहानच असतं.

काच आणि मास्क दोन्ही मधे आले की तिकीट खिडकीवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही, छोटा माइक-स्पीकर बसवा. ओठ वाचून समजून घेणाऱ्या बहिऱ्या पाहुण्यांसाठी नेहमीचे प्रश्न लिहिलेलं कार्ड ठेवा आणि एका-दोघांकडे पारदर्शक मास्क. चष्मेवाल्यांची एक गंमत बघा, लेबल वाचायला वाकतात, चष्म्यावर वाफ धरते, की लगेच मास्क खाली, आणि तेही शोकेसच्या काचेपासून वीतभर अंतरावर. ओरडून उपयोग नाही, लेबलं मोठ्या अक्षरात लावा, नाकावर तार असलेले मास्क द्या. फोटोपुरता मास्क काढू द्यायचा की नाही हेही आधी ठरवा, 'एकच सेल्फी काका' याला गार्ड दिवसाला शंभर वेळा नाही म्हणू शकत नाही. गाइडला गळ्यातला माइक द्या, नाहीतर तो बोलायला मास्क काढतोच.

सॅनिटायझर गॅलरीच्या दारात, आत नाही. ओला हात लाकडी कठड्याला लागला की पॉलिश जातं. वस्तूंच्या जवळ ब्लीचची फवारणी कोणालाही करू देऊ नका, स्वतः नगरपालिकेचा पंप घेऊन उत्साही नगरसेवक आले तरी. आणि ते 'इथे उभे राहा'चे गोल स्टिकर शहाबादी फरशीवर लावू नका, काढताना डिंक राहतो, त्यावर धूळ बसते, आणि वर्षभर काळी वर्तुळं घासत बसावं लागतं. खडूने किंवा दोरीने भागतं. स्टिकर लावलेच तर तेही यादीत. हो, त्याच यादीत.

सैल करताना: पाहुण्यांना ऐच्छिक झालं तरी स्टाफचं त्याच दिवशी सोडू नका, थोडे दिवस बघा, ग्रुप टूर आणि कोंदट गॅलरीत ठेवा. परदेशात काही म्युझियमनी आठवड्यातले ठरावीक तास मास्कवाल्यांसाठी राखले होते, वयस्कर लोकांना सोयीचं जातं, माणसं असतील तर करा. लावणाऱ्याची चेष्टा होऊ देऊ नका, स्टाफमध्येही. आणि त्याच सकाळी, गेट उघडायच्या आधी, यादी घेऊन फिरा, बोर्ड बदला, तिन्ही भाषा, फोन करून स्वतः तो रेकॉर्डेड मेसेज ऐका.

परत कडक झालं तर वरचं सगळं उलटं. जुने बोर्ड फेकू नका, गुंडाळून स्टोअरमध्ये, मागे तारीख लिहून.

कायमचं उठलं की उरलेले मास्क डस्टिंगवाल्यांना द्या, इलॅस्टिक सैल झालेले टाका, बिलं फाइलला लावा, ऑडिटवाले मास्कचीच बिलं आधी मागतात.